लाकडावर तापवलेला साउना : पहिला शनिवार

फिनलंडमध्ये नोकरीनिमित्त येऊन मला दीड वर्ष झाले होते आणि साउना म्हणजे काय हे आपल्याला कळले आहे, अशी माझी पक्की समजूत होती. (आपण सर्रास 'सॉना' म्हणतो, इथले लोक 'सा' नंतरचा 'उ' स्पष्ट उच्चारतात आणि चुकीचा उच्चार ऐकला की, एरवी कितीही अबोल असले तरी, दुरुस्त केल्याशिवाय राहत नाहीत.) मी राहते त्या इमारतीच्या तळघरात विजेवर तापणारा सामाईक साउना आहे आणि प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास नेमून दिलेला आहे. माझा तास गुरुवारी संध्याकाळी असे. मी आत जाऊन भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहत बसत असे आणि 80 अंशांत दहा मिनिटे काढली की मोठे काम उरकल्याच्या समाधानाने बाहेर येत असे. हे मी एकदा जेवणाच्या सुट्टीत कार्यालयातल्या मैत्रिणीला सांगितले, तेव्हा तिने हातातला काटा खाली ठेवला आणि विचारले, "पाणी किती वेळा टाकलेस?" मी एकदाही टाकले नव्हते. विजेच्या उपकरणावर आपण होऊन पाणी ओतायचे, ही कल्पनाच मला भयंकर वाटली होती आणि कोपऱ्यातली ती लाकडी बादली शोभेसाठी ठेवलेली असावी, असे मी गृहीत धरले होते.

तिने पुढे काही समजावले नाही. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आईच्या मोक्कीवर ये, एवढेच म्हणाली. मोक्की म्हणजे तळ्याकाठचे साधे घर. तिच्या आईचे घर देशाच्या पूर्व भागात साइमा या फिनलंडमधल्या सर्वांत मोठ्या सरोवराच्या एका चिंचोळ्या फाट्यावर आहे. घरापासून तीस-चाळीस पावलांवर, अगदी पाण्याच्या काठाला, ओंडक्यांची एक बुटकी खोपी आहे. पुढे ओसरी, मग कपडे बदलायची खोली आणि सर्वांत आत साउना. दुपारी चारच्या सुमारास आम्ही पोहोचलो, तेव्हा मैत्रिणीची आई खोपीच्या दारात उभी राहून माझी वाट पाहत होती. फिनिश भाषेत आदरार्थी बहुवचन आता क्वचितच कोणी वापरते आणि सत्तरीच्या बाईंनाही सरळ नावाने हाक मारतात; मला ते जमेना, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना काकू म्हणू लागले. पुढेही तसेच म्हणते. त्यांचे बोलणे बहुतेक मैत्रिणीने मला उलगडून सांगितले, कारण माझी फिनिश भाषा दुकानापुरतीच आहे.

साउना सात वाजता घ्यायचा होता. मग चार वाजल्यापासून तिथे काय काम, असा मला प्रश्न पडला. ते काम कळायला मला तीन तास लागले, आणि आज मागे वळून पाहता त्या संध्याकाळी मी जे शिकले त्याचा मोठा भाग या तीन तासांतलाच आहे.

सुरुवात दगडांपासून झाली. भट्टीला फिनिशमध्ये किउआस म्हणतात. खाली लाकूड जळण्याची लोखंडी पेटी, तिच्यावर आणि भोवती रचलेले दगड आणि मागून छपरातून बाहेर जाणारे धुराडे, अशी तिची साधी रचना असते. काकूंनी वरचा एक दगड उचलून माझ्या हातात दिला. तो दिसायला मुठीएवढा, पण अपेक्षेपेक्षा बराच जड आणि काळपट हिरवा होता. मग तसाच दुसरा दगड काढून त्यांनी दोन्ही एकमेकांवर आपटले. खणखणीत आवाज आला. तिसरा दगड मात्र बद्द वाजला आणि त्याचा एक टवका निघून काकूंच्या तळहातावर चुरा झाला. शेकडो वेळा तापून आणि पाण्याने निवून दगड आतून खिळखिळे होतात. असा चुरा खाली साचला की दगडांमधल्या फटी बुजतात, हवा फिरत नाही आणि भट्टीची पेटी गरजेपेक्षा जास्त तापून खराब होते. म्हणून दरवर्षी निदान एकदा सगळे दगड उतरवायचे, फुटके टाकून द्यायचे, मोठे तळाशी आणि लहान वर असे पुन्हा रचायचे आणि तेही मुद्दाम सैलसर. मी एक दगड 'नीट' बसवायला गेले, फट दिसली तिथे घट्ट दाबला, तर काकूंनी तो पुन्हा काढून तिरका ठेवला.

त्यानंतर पाणी. भट्टीच्या बाजूला जोडलेली पाण्याची टाकी आग पेटवण्याआधीच भरावी लागते, कारण रिकामी टाकी तापली तर तिचे सांधे सुटतात. अंगावर घ्यायचे पाणी आम्ही तळ्यातून आणले. दगडांवर टाकायचे पाणी मात्र विहिरीचे, वेगळ्या बादलीत. साइमाच्या त्या फाट्याचे पाणी स्वच्छ असले तरी पानगळीच्या अर्काने किंचित तांबूस असते आणि ते वर्षानुवर्षे तापल्या दगडांवर पडले तर दगडांवर आणि लोखंडावर पुटे चढतात.

लाकूड बर्चचे होते, दोन उन्हाळे छपराखाली वाळलेले. ते पेटवायला कागद नव्हता. काकूंनी बर्चच्या सालीच्या पट्ट्या दिल्या. पांढरी, पापुद्र्यांची, बोटांना किंचित मेणचट लागणारी ती साल हातात घेतल्यावर मला एकदम ओळख पटली. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या ज्यावर लिहिलेल्या आहेत, त्या भूर्जाच्याच कुळातले हे झाड. शारदा लिपीतली हस्तलिखिते ज्या सालीवर टिकली, तिच्याच चुलत बहिणीची मी आता पेटती वात करणार होते. सालीत तेलकट, राळेसारखे द्रव्य असल्यामुळे ती ओलसर असली तरी पेट घेते आणि काळा धूर सोडत भराभर वळत जाते.

आग पेटवण्याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे, असे मला वाटत होते. लहानपणी आजोळी आंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापत असे आणि त्यात ढलप्या सारायचे काम आम्हा मुलांकडे होते. त्या हिशेबाने मी साल खाली, काटक्या त्यावर आणि लाकडे सर्वांत वर अशी रचना केली. काकूंनी ती न बोलता उपसली आणि बरोबर उलटी रचली. जाड लाकडे खाली, त्यांच्यात थोडी फट, वर पातळ ढलप्या आणि अगदी माथ्यावर साल. असे केले म्हणजे आग मेणबत्तीसारखी वरून खाली उतरते. खालच्या लाकडातून निघणारा धूर वरच्या ज्वाळेतून जाताना जळून जातो आणि धुराड्यात काजळी कमी धरते. पेटवण्यापूर्वी त्यांनी धुराड्याची झडप पूर्ण उघडी आहे ना, हे मला स्वतःच्या हाताने ओढून पाहायला लावले.

साल पेटली, ढलप्या पेटल्या, आणि मग आग मंदावल्यासारखी वाटली. बंबाची सवय. मी भट्टीचे दार सताड उघडले, वाकले आणि गाल फुगवून फुंकर घातली. आतला सगळा धूर माझ्या तोंडावर आला. डोळे चोळत मी ओसरीवर जाऊन परत आले, तोवर काकूंनी दार लावून खालचा राखेचा खण दोन बोटे बाहेर ओढला होता आणि आत आग घोंघावत होती. हवा खालून, जाळीतून यायला हवी. वरचे दार उघडले की धुराड्याची ओढ मोडते आणि धूर सोप्या वाटेने खोलीत येतो.

तो घोंघावणारा आवाज मला फार आवडला. खण आणखी थोडा ओढावा म्हणून मी हात पुढे केला, तर काकूंनी पायानेच तो आत सारला, फक्त एक चीर उघडी ठेवली आणि काहीतरी म्हणाल्या. मैत्रीण हसून म्हणाली, "ऊब मॅगपाय पक्ष्यांच्या वाट्याला जाते आहे, असे म्हणते आहे ती." एखादी गोष्ट फुकट गेली की ती मॅगपाय पक्ष्यांना गेली, असे फिनिश माणूस म्हणतो. इथे तर ते अक्षरशः खरे होते. ओढ जास्त झाली की ज्वाळा पेटीत रेंगाळत नाहीत, थेट धुराड्यात पळतात. धुराडे लालबुंद होते, आकाश तापते आणि दगड बिचारे कोमटच राहतात. लाकूड संथ जळले तर त्याची उष्णता दगडांत मुरते. पहिली खेप निखाऱ्यांवर आली की दुसरी घालायची, ती थोड्या जाड लाकडांची, आणि गरज पडली तर तिसरी. पेटी एकदम ठासून भरायची नाही.

चाळीस मिनिटांनी तापमापकाचा काटा 70 च्या पुढे गेला. तळघरातल्या माझ्या अनुभवाप्रमाणे साउना तयार होता आणि मी तसे जाहीरही केले. काकूंनी बोटे पाण्यात बुडवून दगडांवर चार थेंब उडवले. थेंब दगडावर पसरले, एकाच्या कडेने खाली घरंगळले आणि चर्र असा ओला, लांबलेला आवाज झाला. हवा तापली होती, दगड तापले नव्हते. हवा हलकी असते, ती पटकन तापते आणि काटा तेवढेच दाखवतो. दुसरी खेप जळून गेल्यावर, आणखी सुमारे पाऊण तासाने, त्यांनी पुन्हा थेंब उडवले. या वेळी ते दगडाला टेकताच नाहीसे झाले आणि आवाजही छोटासा, कोरडा आला. काटा 78 वर होता. मघापेक्षा फक्त काही अंश जास्त, आणि तरीही ही खोली वेगळी होती.

घरी विजेच्या साउनात बटण फिरवून मी वर जाऊन कपड्यांच्या घड्या करीत असे. इथे दोन तास त्या आगीजवळ बसल्यामुळे, भट्टीत नेमके काय चालले आहे हे मला आवाजावरून थोडे-थोडे कळायला लागले होते. पूर्वीचे साउना तर याहून कितीतरी संथ असत. धुराडे नसलेल्या धूर-साउनात सहा ते आठ तास जाळ करायचा, खोली धुराने भरू द्यायची, आग पूर्ण विझल्यावर धूर बाहेर घालवायचा आणि मग काळ्या भिंतींच्या आत, केवळ दगडांत साठलेल्या उबेवर अख्ख्या घराने आंघोळ करायची. गेल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खेड्यांतल्या कित्येक स्त्रिया तिथेच बाळंत होत, कारण घरातली सर्वांत ऊबदार, गरम पाण्याची आणि स्वच्छ जागा तीच असे. काकूंच्या आजीचा जन्म साउनातला. हे त्यांनी कोळसा ढोसता ढोसता सांगितले.

सातच्या सुमारास आमची पाळी आली. घरगुती साउनात पाहुणे असले की बहुधा बायका आणि पुरुष वेगवेगळे जातात. मैत्रिणीचा नवरा आणि भाऊ नंतर जाणार होते. कपडे बदलायच्या खोलीत मी पोहण्याचा पोशाख हातात घेऊन घुटमळत उभी राहिले. त्या दोघींनी माझ्याकडे पाहण्याचेही टाळले, हे मला फार बरे वाटले. पोहण्याच्या कृत्रिम कापडात घाम अडकतो, ते तापून अंगाला चिकटते आणि तरणतलावातले क्लोरिन त्यात उरलेले असेल तर ते साउनाच्या हवेत उतरते. ही कारणे मला माहीत होती, पण संकोच कारणांनी जात नाही. मी पंचाएवढा टॉवेल गुंडाळून आत गेले. त्यालाही कोणी काही म्हटले नाही, आणि दुसऱ्या फेरीला मी तो बाहेरच विसरले.

खरा प्रश्न दागिन्यांचा होता. मंगळसूत्र काढावे की नाही याचा मी विचार करीत असताना काकूंनी माझ्या गळ्याकडे आणि कानांकडे बोट दाखवून हाताने नकार केला आणि खिडकीतली एक चिनी मातीची वाटी पुढे केली. धातू त्वचेपेक्षा कितीतरी लवकर उष्णता घेतो आणि लगेच देतो. मी सगळे वाटीत ठेवले, पण चष्मा राहिला. आत गेल्यावर दोन मिनिटांत त्याच्या तारेच्या दांडीने कानामागे असा चटका दिला की मी ओरडून तो काढला.

आत जाण्यापूर्वी अंगावर पाणी घ्यायचे आणि बसायला तागाचे एक कापड न्यायचे, ही पद्धत आहे. बसण्याच्या फळ्या जिन्यासारख्या तीन टप्प्यांत होत्या. नवशिक्याने सर्वांत खाली बसावे, असे मी कुठेतरी वाचले होते. तिथे बसले तर पाय गारठत होते आणि डोके तापत होते. तापलेली हवा छताखाली साठते आणि दगडांच्या पातळीच्या खाली ती जवळजवळ फिरकतच नाही, म्हणून बसणाऱ्याचे पायसुद्धा दगडांच्या वर यावेत, असा इथला नियम आहे. काकूंनी मला मधल्या फळीवर बसवून पाय वर, त्याच फळीवर घ्यायला सांगितले. गुडघे हातांनी कवटाळून बसले तेव्हा पहिल्यांदा सगळ्या अंगाला सारखी ऊब लागली.

मग काकूंनी लांब दांड्याचे ओगराळे बादलीत बुडवले आणि दगडांवर पाणी टाकले. फार नाही, कपभर. आवाज जवळजवळ आलाच नाही. एक-दोन क्षण काहीच घडले नाही, मग छताच्या बाजूने काहीतरी आले आणि माझ्या डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर हळूहळू उतरले. कानांच्या पाळ्यांना आणि नाकाच्या शेंड्याला आधी कळले. मी तोंड ओंजळीत लपवले. ती लाट गेली, आणि पाहते तो तापमापकाचा काटा होता तिथेच होता.

याला लोयलू म्हणतात. दगडांवरून उठणाऱ्या वाफेचे हे नाव, पण शब्द फार जुना आहे. हंगेरियन भाषेत 'आत्मा' या अर्थी असलेला 'लेलेक' हा शब्द त्याचाच भाऊबंद आहे. मला स्वतःला त्याचे भौतिकशास्त्र अधिक मोहवते. कोरडी हवा 80 अंशांची असली तरी आपण तीत बसू शकतो, कारण घाम उडून जाताना त्वचेची उष्णता घेऊन जातो. दगडांवर पाणी पडून हवेतले बाष्प एकदम वाढले की हा व्यवहार उलटा फिरतो. खोलीच्या मानाने आपली त्वचा ही तिथली सर्वांत थंड वस्तू असते, म्हणून बाष्प तिच्यावर येऊन पुन्हा पाणी होते आणि पाणी होताना, उकळण्यासाठी जी उष्णता दगडांकडून घेतली होती, ती आपल्याला देऊन टाकते. मैत्रिणीने मला हात पुढे धरायला लावला. ओगराळे रिकामे झाल्यावर तीन-चार सेकंदांत माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत, प्रत्येक लवेच्या टोकाला एक, असे मोहरीहून बारीक थेंब एकाच वेळी उमटले. घाम असा येत नाही. तो आधी कपाळावर, मग काखेत, असा जागा निवडून येतो. तळघरात मी महिनोन्‌महिने कोरड्या हवेत बसून आले होते आणि त्यालाच साउना म्हणत होते.

पुढचे पाणी मी टाकावे असे ठरले. टाकण्यापूर्वी वर बसलेल्यांना विचारायचे असते. ते मी विचारले. पण ओगराळे काठोकाठ भरून, दगडांच्या बरोबर वर हात नेऊन, एकाच जागी ओतले. वाफ सरळ वर आली आणि बोटांची पेरे भाजली. त्या जागचे दगड निवले ते निवलेच, आणि उरलेले पाणी खालपर्यंत झिरपून फरशीवर टपटपले. जी लाट आली ती टोचणारी होती आणि लगेच संपली. काकूंनी माझा हात थंड पाण्यात धरला, मग त्याच हातात ओगराळे देऊन, बाजूला उभे राहून, मनगटाच्या झोक्याने मागच्या दगडांवर पाणी कसे पसरायचे ते दाखवले. अर्धे ओगराळे, थोडी उसंत, मग पुन्हा अर्धे. वाफ मऊ आली. 'मऊ लोयलू' असे इथे खरोखरच म्हणतात आणि ते जमले की फळीवर बसलेले लोक बोलायचे थांबतात.

मध्ये एकदा बर्चच्या डहाळ्यांची जुडी आली. जूनमध्ये पाने कोवळी असताना त्या बांधून काकूंनी फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या; कोमट पाण्यात घातल्यावर त्या उमलल्या आणि खोलीभर पहिल्या पावसानंतरच्या झाडासारखा हिरवा वास पसरला. त्या जुडीने खांदे, पाठ, पोटऱ्या थोपटतात. लागत नाही, पाने गरम हवा अंगाशी ओढून आणतात, एवढेच. पूर्वेकडचे लोक तिला 'वास्ता' म्हणतात आणि पश्चिमेकडचे 'विह्ता'. मैत्रिणीचा नवरा पश्चिमेकडचा, तांपेरे शहरातला, त्यामुळे लग्नाला बारा वर्षे झाली तरी या शब्दावरून त्या घरात दर शनिवारी वाद होतो.

आठ-दहा मिनिटांनी आम्ही बाहेर आलो. धक्क्याच्या खांबाला दोरीने बांधलेला तापमापक पाण्यात लोंबत होता; त्याने 14 अंश दाखवले. उडी मारायची नाही, हे मला आधीच बजावलेले होते, कारण थंड पाण्यात एकदम शिरले की श्वास आपोआप आत ओढला जातो आणि तोंड पाण्याखाली असेल तर त्या एका श्वासाने घात होऊ शकतो. शिडीची एक-एक पायरी उतरत, श्वास सोडत मी छातीपर्यंत गेले. पायांची बोटे दुखली, बाकी अंगाला थंडी म्हणून जाणवली नाही. दहा-बारा सेकंदांत मी वर आले आणि ओसरीवर बसले, तेव्हा माझ्या दंडांवरून वाफ निघत होती. तळ्यावर अंधार उतरत होता.

ओसरीवर पाणी पीत बसलो असताना मी तब्येतीचा विषय काढला. या भागातल्या लोकांना त्याचा जरा अभिमान आहे, कारण साउनाबद्दलचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास इथल्याच कुओपिओ परिसरातला आहे. 2,315 मध्यमवयीन माणसांना सुमारे वीस वर्षे पाहिल्यावर, आठवड्यातून चार ते सात वेळा साउना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांपेक्षा कमी दिसले. तो 2015 साली प्रसिद्ध झाला. मात्र तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यातून कारण सिद्ध होत नाही. तब्येत धडधाकट असलेली माणसेच जास्त वेळा साउनात जात असतील, हेही शक्य आहे. काकूंचा आक्षेप वेगळा होता. त्या 2,315 जणांत एकही बाई नव्हती, आणि लाकडे मात्र बायकांनीच आणली असणार, असे त्या म्हणाल्या.

तिसऱ्या फेरीला मी चुकले. दोन फेऱ्या सहज झाल्या, म्हणून मी सर्वांत वरच्या फळीवर चढले आणि काकू उतरेपर्यंत उतरायचे नाही, असे ठरवले. त्या वर्षभर दर शनिवारी तिथे बसतात, हे माझ्या डोक्यात आले नाही. कानात गुणगुण सुरू झाली तरी मी बसून राहिले, आणि मग एकदम उठून उभी राहिले. खोलीच्या कडा काळ्या झाल्या. उष्णतेने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, रक्तदाब उतरलेला असतो आणि झटकन उठले की मेंदूपर्यंत रक्त पुरेसे पोहोचत नाही. भोवळ येते, आणि समोर तापलेली भट्टी असते. मैत्रिणीने दंड धरला नसता तर मी कशावर पडले असते, ते सांगायला नको. त्यांनी मला खालच्या फळीवर बसवले, डोके गुडघ्यांत घालायला लावले, मग हाताला धरून ओसरीवर नेले आणि पाण्याबरोबर खारवलेली काकडी दिली. रागावले कोणी नाही. मैत्रीण एवढेच म्हणाली की, हेइनोला गावी 1999 पासून साउनात सर्वांत जास्त वेळ बसण्याची जागतिक स्पर्धा भरत असे, 110 अंशांत, दर 30 सेकंदांनी अर्धा लिटर पाणी टाकून. 2010 च्या अंतिम फेरीत एक स्पर्धक दगावला आणि ती स्पर्धा कायमची बंद झाली. त्या स्पर्धेशी साउनाचा काही संबंध होता, असे तिच्या घरात कोणालाच वाटत नाही. कोणी कधी उठून बाहेर गेले तर 'का' असे विचारत नाहीत, हे तोवर माझ्याही लक्षात आले होते. आम्ही तिघींत सर्वांत आधी बाहेर पडणाऱ्या दोन्ही वेळा काकूच होत्या, आणि मी मात्र त्यांच्याशी शर्यत लावून बसले होते.

टाकीतल्या गरम पाण्याने अंग धुऊन आम्ही आवरले. पुरुषांच्या पाळीसाठी दोन लाकडे घालायचे काम मला मिळाले. मी दार हळू उघडले, निखारे सळईने पुढे ओढले, लाकडे ठेवली, खण एक चीर उघडा ठेवला. धूर आला नाही.

रात्री साडेदहाला काकू पुन्हा खोपीकडे निघाल्या, म्हणून मी कंदील घेऊन मागोमाग गेले. साउनाची दारे आणि छताजवळची झरोक्याची फळी उघडून त्यांनी फळ्या वाळायला सोडल्या. लाकडी फळ्या ओल्या राहिल्या तर काळ्या पडतात. मागे उरलेली ऊब त्या वाळवून टाकते. ऊब धरून ठेवण्यासाठी धुराड्याची झडप लावून घ्यावी का, असे मी विचारले. त्यांनी भट्टीचे दार उघडले आणि निखारे सळईने परतले. राखेखालून लाल निखारे वर आले आणि त्यांच्यावर निळसर, पारदर्शक ज्योती थरथरू लागल्या. त्या ज्योती कार्बन मोनॉक्साईडच्या असतात. त्याला ना रंग ना वास, फिनिशमध्ये त्याला 'ह्याका' म्हणतात, आणि निखारे धुमसत असताना झडप लावली की तो खोलीत साठतो. काकूंनी हा शब्द तीनदा म्हटला, तिसऱ्यांदा माझ्या मनगटाला धरून. झडप तशीच उघडी ठेवून आम्ही परतलो.

सकाळी सातला मी एकटीच गेले. पेटीत करडी राख होती. सळईने तळापर्यंत ढवळली तरी कुठेही लाल दिसले नाही. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरली, कारण राखेत दडलेली ठिणगी दिवस-दोन दिवसही जिवंत राहू शकते, आणि बादली खोपीपासून दूर, खडकावर नेऊन ठेवली. मग झडप ढकलून लावली. वरच्या दगडांवर तळहात ठेवून पाहिला. ते अजून कोमट होते.